डाव्या हाताचं धोरण

शोकसभेत पर्यवेक्षक म्हणाले, "बाईंनी हयातीत कधी कुणाला त्रास दिला नाही," आणि शिक्षकांच्या पहिल्या दोन्ही रांगांनी एकदम माना खाली घातल्या. बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, दुःखानं. मी शाळेची ग्रंथपाल. माझी खुर्ची कडेला भिंतीशी असते, त्यामुळे मला तोंडं दिसत होती. विज्ञानाचे सर रुमाल तोंडाला लावून बसले होते. चित्रकलेच्या मॅडमचे खांदे हलत होते, आणि ते रडणं नव्हतं.

बाईंनी सगळ्यांना त्रास दिला. नेमानं, ठरवून आणि समोरासमोर. आमच्या ऐरोलीच्या शाळेत त्या नववी-दहावीला गणित शिकवत. बाकी सगळ्या शिक्षिका 'मॅडम', त्या एकट्या 'बाई'. कुणी चुकून मॅडम म्हटलं तर म्हणत, "मॅडम साडीच्या दुकानात असते." लग्नाच्या आमंत्रणपत्रिका त्या शुद्धलेखन तपासून, लाल शाईनं दुरुस्त करून, यजमानांना परत देत आणि वर लग्नाला जेवायलाही जात. मस्टरवर सही करायचं पेन उजव्या बाजूला दोरीनं बांधलेलं असे. ती दोरी त्या स्वतःच्या कात्रीनं कापत. पर्यवेक्षक पुन्हा बांधत. नोकरीची सगळी वर्षं हे चाललं आणि दोघांपैकी एकानंही या विषयावर दुसऱ्याशी कधी शब्द काढला नाही.

चाळिशीच्या आतच गेल्या. हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या भिंतींना सूज येते आणि त्या आतून हळूहळू बुजत जातात, असा तो आजार. दुर्मीळ आहे, नाव एका जपानी डॉक्टरचं आहे, आणि होतो तो बहुतेक तरुण बायकांना. लवकर कळला तर माणूस औषधांवर पुष्कळ वर्षं काढतो. बाईंचा आजार लवकर कळायला काहीच हरकत नव्हती. तो लपूनछपून आला नाही. शाळेच्या वेळात आला आणि सगळ्यांसमोर वावरला. पण बाईंची रीत अशी, की अंगात जे बिघडेल त्याचं त्या तत्त्व करत. आणि एकदा तत्त्व म्हटलं की आमच्या शाळेत ते कुणी तपासून बघत नाही.

बाई डावखुऱ्या होत्या. डावखुरी माणसं पुष्कळ असतात. ती डाव्या हातानं लिहितात, डाव्या हातानं क्रिकेट खेळतात आणि विषय तिथे संपतो. बाईंचा विषय तिथे सुरू होत असे. गाव साताऱ्याकडचं, वडील तुर्भ्याच्या बाजारात माथाडी. लहानपणी आईनं त्यांचा डावा हात पाठीमागे सुतळीनं बांधून त्यांना उजव्यानं जेवायला लावलं होतं. शाळेत मास्तरांनी त्याच हातावर छड्या मारल्या. त्या दोघांवरचा राग बाईंनी उरलेल्या जगावर काढला. प्रसाद डाव्या हातात घ्यायचा, आरतीवरून डावा हात फिरवायचा, प्रमुख पाहुण्यांना गुच्छ डाव्या हातानं द्यायचा. उजव्या हाताबद्दल त्यांचं मत वाईट होतं. "तो सरकारी नोकर आहे," म्हणायच्या. "हजेरीला असतो. कामाची अपेक्षा ठेवू नये."

एका संक्रांतीला स्टाफरूममध्ये हळदीकुंकू होतं. बाईंनी डाव्या हाताच्या बोटावर कुंकू घेतलं, तशी पर्यवेक्षकांच्या पत्नीनं मान मागे घेतली.

"बाई, उजव्या हातानं हो."

"का?"

"शुभ असतं."

"तुमच्या मुलाला गणितात पंच्याण्णव मिळाले ना गेल्या वर्षी? ते याच हातानं दिलेत. काढून घेऊ?"

कपाळ पुढे आलं.

फळ्यावर लिहिणं हा बाईंचा खरा दिमाख. डावखुऱ्या माणसाचा हात लिहिलेलं पुसत जातो म्हणून त्या हात खांद्याच्या वर उचलून, लांबून, रंगाऱ्यानं भिंत रंगवावी तशा लिहीत. अक्षर टपोरं. लिहिता लिहिता मागे न वळता शेवटच्या बाकावरच्या मुलाचं नाव घेऊन त्याला झापत, आणि तो मुलगा खरोखरच काहीतरी करत असे.

एका जूनमध्ये त्यांनी जाहीर केलं, की यापुढे शिक्षकानं खडूला हात लावायचा नाही. फळा मुलांचा. "मी गणितं सोडवली म्हणून यांना येतात का? यांनी सोडवावीत, मी बसून चुका काढीन." त्या दिवसापासून त्या खुर्चीत बसू लागल्या. डावा हात मांडीवर, आणि उजव्यानं तो मधूनमधून दाबत. काही दिवसांनी शिक्षण खात्याचे अधिकारी तपासणीला आले. नववीच्या वर्गात मुलं फळ्यापाशी भांडताहेत आणि बाई बसून एकेकाचा उद्धार करताहेत, हे बघून ते हरखले. जाताना म्हणाले, असं विद्यार्थिकेंद्री अध्यापन त्यांनी कुठेच बघितलं नव्हतं. आठवडा उलटायच्या आत पर्यवेक्षकांची सूचना फिरली: सर्व वर्गांत, सर्व विषयांना, खडू विद्यार्थ्यांच्या हाती. संस्कृतच्या सरांना फळ्यावर सुंदर अक्षर काढण्यापलीकडे फारसं काही येत नसे. ते दोन दिवस वर्गात नुसते उभे राहिले. पर्यवेक्षकांनी या उपक्रमावर बेलापूरला भाषण केलं, शाल घेऊन आले. एका बाईचा हात लिहिताना भरून येत होता म्हणून अख्खी शाळा लिहायची थांबली. त्या हाताला रक्त पुरत नव्हतं, एवढीच त्या अध्यापनशास्त्राची पार्श्वभूमी होती.

मग केस. कमरेपर्यंत वेणी होती त्यांची. एका सोमवारी मानेपर्यंत कापून आल्या. फाटकावरच मावशींनी अडवलं. मावशी म्हणजे आमच्या शिपाई, इथल्याच आगरी गावातल्या. त्यांच्या शेतात आता एका कंपनीची काचेची इमारत उभी आहे.

"अगं बाय! नवस फेरलास का कसला?"

"वेणी म्हणजे बायकांना आरशासमोर उभं करायची युक्ती आहे, मावशी. मी त्यातून सुटले."

"सुटलीस त सुटलीस. पन आवशीला इचारलास का?"

आईला विचारलं नव्हतं. आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही, असं बाईंनीच मला मोठ्या आनंदानं सांगितलं. मोकळ्या तासाला त्या ग्रंथालयात येऊन बसत. पुस्तकांबद्दल त्यांना आदर नव्हता. मला 'पुस्तकबाई' म्हणत, आणि कुणी बघत नाही अशी खात्री करून पिशवीतून रहस्यकथा नेत. पहिलं पान, मग शेवटचं पान, आणि मधलं लेखकानं तर्कशुद्ध रचलंय का ते तपासायला वाचत. त्या दिवशी, पुस्तक उघडं ठेवून, त्या सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "विंचरताना हात इतका भरून येतो, की मध्येच खाली घ्यावा लागतो. वेणी अर्धीच राहते." मी वर बघितलं. लगेच म्हणाल्या, "त्यात काय? अर्धवट कामाचा मला तिटकारा आहे. म्हणून कापले."

त्यांना बारीक ताप येई. संध्याकाळकडे कणकण, रात्री घाम. आमच्या मीटिंगा चार वाजता असतात, त्यामुळे दोन्हींची वेळ जुळली. बाईंनी निष्कर्ष काढला, की ताप पर्यवेक्षकांच्या आवाजानं येतो. एकदा त्यांनी मीटिंगमध्ये थर्मामीटर आणला. पर्यवेक्षक वार्षिक नियोजनावर बोलत असताना तोंडात धरून बसल्या आणि नियोजन संपल्यावर तो शेजारणीला वाचायला दिला. ताप होता. स्टाफरूममध्ये तो प्रसंग वर्षभर रंगवून सांगितला गेला. ताप का होता, हे विचारण्याइतका तो कुणाला गंभीर वाटला नाही. नाक्यावरच्या डॉक्टरनं 'व्हायरल आहे' म्हणून गोळ्या दिल्या. हे व्हायरल पावसाळा, दिवाळी आणि वार्षिक परीक्षा या तिन्हींतून टिकलं.

वजन उतरलं. गळ्यापाशी ब्लाउज सैल झाले. आमच्या शिक्षिकांना त्यात आजार दिसला नाही, डाएट दिसलं. "बाई, काय करता हो?" त्या काही करत नव्हत्या, पण प्रश्न आल्यावर उत्तर न देणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी ज्वारीची भाकरी, बिनतेलाची भाजी आणि 'कुणाशी गोड न बोलणं' असा आहार सांगितला. चौघींनी तो सुरू केला. भाकरीनं कुणाचं वजन उतरलं नाही, पण तिसऱ्या अटीमुळे स्टाफरूममध्ये दोन भांडणं झाली.

बाईंचं एक वाक्य दहावी झालेल्या प्रत्येक मुलाला पाठ आहे. सरासरी शिकवताना त्या सगळ्यांना खिडकीतून खाडीच्या दिशेला बघायला लावत आणि विचारत, "समजा, या खाडीची सरासरी खोली कमरेएवढी आहे. चालत मुलुंडला जाल का?" कुणीतरी भाबडा हो म्हणे. "गेलास तू. आईला काय सांगू? सरासरीत बुडाला म्हणून?" वर्ग हसे. "सरासरी काढायच्या आधी विचारायचं, की वेगवेगळे आकडे वेगवेगळे का आले. ते न विचारता जो भागाकार करतो तो माणूस नाही, कॅल्क्युलेटर आहे."

हे लिहून ठेवलं, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

दर डिसेंबरात शाळेत आरोग्य शिबिर असतं. रक्तदाब मोजायला बाई अर्थातच डावा हात पुढे करत. आकडा दर वर्षी उत्तम येई, आणि दर वर्षी आधीपेक्षा थोडा कमी. त्याला त्या प्रगती म्हणत. पर्यवेक्षकांची रक्तदाबाची गोळी चालू होती. ते आपला आकडा कागदावर तळहात ठेवून झाकत, आणि बाई आपला आकडा त्यांच्या दिशेला तोंड करून मोठ्यानं सांगत.

त्या वर्षी शिबिराच्या दिवशी त्यांच्यापुढे दहावीच्या पेपरांचा गठ्ठा होता. डाव्या हातात लाल पेन. नुकता पास झालेला एक तरुण डॉक्टर मशीन घेऊन टेबलापाशी आला, तेव्हा त्यांनी पेन थांबवलं नाही. उजवा हात बाजूला टाकला. "हा घ्या. हा रिकामाच असतो."

पट्टा फुगत गेला. डॉक्टरनं आकडा बघितला, हवा सोडली, पुन्हा भरली.

"मॅडम, तुम्हाला बीपी आहे?"

"मॅडम साडीच्या दुकानात असते. किती आला?"

"वरचं एकशे ऐंशी."

स्टाफरूममधल्या रांगेतल्या माना वळल्या. पर्यवेक्षकांच्या चेहऱ्यावर माणुसकी आणि समाधान एकाच वेळी उमटलं.

"उजव्या हाताचं मनावर घेऊ नका," बाई म्हणाल्या. "तो पहिल्यापासून असाच आहे. हा बघा." त्यांनी पेन ठेवलं आणि डावा हात दिला.

डाव्या हाताचा आकडा आला ऐंशी. डॉक्टरनं मनगट धरून नाडी चाचपली. बोटं इकडे सरकवली, तिकडे सरकवली. "लागत नाहीये. थंडीमुळे असेल," तो म्हणाला. ऐरोलीत डिसेंबरात दुपारी पंखे लावावे लागतात. पंखा त्याच्या डोक्यावरच फिरत होता. "पण दोन वेगळे आले. लिहू काय?"

आणि बाईंनी, नववीला खाडी शिकवणाऱ्या आमच्या बाईंनी, पुढचा पेपर ओढून घेत म्हटलं, "सरासरी काढा. एकशे तीस. भागिले दोन येतं ना?"

टाळ्या पडल्या. पर्यवेक्षकसुद्धा म्हणाले, "गणितज्ञ आहेत, बाबा!" डॉक्टरनं एकशे तीस लिहिलं. तो आकडा कोणत्याच हाताचा नव्हता, पण दिसायला सभ्य होता. रांग पुढे सरकली.

मी संध्याकाळी त्यांना गाठलं. म्हटलं, "दोन हातांत शंभराचा फरक आहे, बाई. कुणालातरी दाखवूया."

"उजव्याचं ऐकून डॉक्टरकडे जाऊ? आयुष्यात त्याचं कधी ऐकलं नाही."

"मग डाव्याचं ऐकून चला. त्याची नाडी लागली नाही."

त्यांनी पेपरांचा गठ्ठा पिशवीत कोंबला. मग म्हणाल्या, "पेपर संपू देत." पेपर संपले. मग सराव परीक्षा आली. मी दर आठवड्याला विचारत होते आणि दर आठवड्याला मला नव्या परीक्षेचं नाव कळत होतं.

फेब्रुवारीत त्यांनी शाळेतली लाइट जाते अशी तक्रार सुरू केली. शिकवता शिकवता थांबत आणि दारातून ओरडत, "मावशी, लाइट गेली!" मावशी धावत येत. दिवे लागलेले, पंखे फिरत असलेले.

"बाय, लायट हाय की!"

"आता आली. मघाशी नव्हती."

बाईंनी यावर पर्यवेक्षकांना लेखी तक्रार दिली. पर्यवेक्षकांनी इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं वर्गातली सगळी बटणं बदलली. एक दिवस मावशी ग्रंथालयात आल्या आणि दार लोटून घेऊन हळूच म्हणाल्या, "ताय, लायट जात नाय. बायच्या डोळ्यांची जाते. तू बोल. माजा ती आयकाची नाय."

बोलायची वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी बाई 'लाइट' एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीवरून घसरून खाली पडल्या. मावशींनी आणि मी त्यांना रिक्षात घालून वाशीला नेलं. वाटेत शुद्धीवर आल्या आणि रिक्षावाल्याला रस्ता चुकल्याबद्दल बोलू लागल्या, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

तिथल्या डॉक्टर वयस्क होत्या. त्यांनी मशीनला हात लावायच्या आधी बाईंची दोन्ही मनगटं एकदम धरली आणि डोळे मिटले. बराच वेळ. मग नळी मानेला लावून ऐकलं. तोवर बाईंची आईही येऊन पोचली होती आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी होती.

"डावा हात दुखतो?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"फळ्यावर लिहिताना?"

"मी फळ्यावर लिहीत नाही. ते आमचं धोरण आहे."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील जूनमध्ये."

"केस विंचरताना?"

"विंचरत नाही. कापले. त्यामागेही—"

"धोरण," डॉक्टर म्हणाल्या. "बरं. मान दुखते? इथे, बाजूला?"

"उशीनं दुखत होती. उशी सोडली. उशी ही मुळात—"

"आवं ताई," आई मध्येच बोलली, "कापडं वाळत घालताना सारका हात खाली टाकायची ही. मला म्हनायची, दोरी लई उंच बांधलीया. म्या किती येळा दोरी खाली घितली. आता तर साड्या जमिनीला लागत्यात. तरी म्हनायची, उंचच हाय."

बाईंनी आईकडे बघितलं. डॉक्टर ताप विचारत होत्या, वजन विचारत होत्या, घाम विचारत होत्या. त्यांच्या प्रत्येक प्रश्नासरशी बाईंचं एकेक तत्त्व खाली येत होतं. मीटिंग गेली, भाकरी गेली, उशी गेली. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "हे सगळं एकाच आजाराचं होतं. दोन वर्षांपूर्वी आला असतात, तर फार बरं झालं असतं."

"दोन वर्षांपूर्वी मी आजारी नव्हते," बाई म्हणाल्या. "तेव्हा मला फक्त मतं होती."

डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "पुस्तकबाई, मी चालत मुलुंडला निघाले होते."

तपासण्यांत बाकीचं निघालं. मूत्रपिंडाकडे जाणारी वाहिनीही अरुंद झाली होती आणि त्यामुळे रक्तदाब चढलेला होता. उजवा हात खरं सांगत होता. डाव्या हातापर्यंत रक्तच धड पोचत नव्हतं, म्हणून तिथला आकडा इतका सुरेख. बाईंना हे समजावून सांगताना तिथला शिकाऊ डॉक्टर आकृती काढू लागला, तर त्याची आकृती त्यांनी दुरुस्त केली. उजव्या हाताची माफी मात्र मागितली नाही. "खरं बोलला म्हणून तो चांगला ठरत नाही," म्हणाल्या.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल झाला. त्या शाळेत परत आल्या तेव्हा भाकरी खाणाऱ्या चौघी म्हणाल्या, "बाई, तब्येत छान सुधारली हं!" आजाराचं नाव विचारणाऱ्याला त्या सांगत, "जपानी आहे. टिकाऊ असणार."

परत आल्यावर पहिलं काम म्हणून त्या पर्यवेक्षकांकडे गेल्या. खडूबंदी उठवा, म्हणाल्या. ते अध्यापनशास्त्र नव्हतं, माझी नस बुजली होती. पर्यवेक्षक हात जोडून म्हणाले, "बाई, आता कसं शक्य आहे? दुसऱ्या शाळा आपला उपक्रम बघायला येतात." त्यामुळे तो उपक्रम अजून चालू आहे.

बाईंनी तो आपल्यापुरता मोडला. नववीच्या वर्गात त्या उठल्या आणि खडू उजव्या हातात घेतला. मी तेव्हा वर्गपेटीतली पुस्तकं बदलायला दारात उभी होते. त्यांनी एक समीकरण लिहायला घेतलं. अक्षर वाकडं, बालवाडीतल्या मुलाचं असावं तसं. बरोबरच्या चिन्हाच्या दोन रेघा एकमेकींपासून लांब निघाल्या. वर्गात कुणी हललं नाही.

"हसा की," त्या फळ्याकडे तोंड करूनच म्हणाल्या. "लहानपणी मला हसले होते सगळे. तुमची पाळी का सोडता?"

मागून एक मुलगा म्हणाला, "बाई, बरोबरचं चिन्ह चुकलंय."

"आता कसा बोललास! ये, दुरुस्त कर."

तो आला, त्यानं दुरुस्त केलं, आणि मग वर्ग हसला. बाई सगळ्यांत जास्त.

पाऊस संपता संपता एका रविवारी सकाळी मेंदूत रक्तस्राव झाला. उजव्या हातानं सांगितलेला आकडा औषधांनी उतरला होता, पण पुरेसा नाही. दवाखान्यात नव्या नर्सनं घाईत डावं मनगट धरलं, नाडी लागेना म्हणून ती घाबरून ओरडली, आणि मी म्हटलं, "उजवा बघा." त्यात अजून होती. संध्याकाळी त्यातही राहिली नाही.

त्यांच्या इमारतीखाली, गाड्या लावायच्या जागेत, त्यांना ठेवलं होतं. पर्यवेक्षक सगळी व्यवस्था बघत होते. हार कुणी आणायचा, गाडी कुठे लावायची, कोण कुठे उभं राहील. ती त्यांची हौस आहे आणि त्या दिवशी ती उपयोगी पडली. शेवटी पाणी घालायची वेळ आली. त्यांनी भांडं आणि तुळशीचं पान आईच्या हातात दिलं आणि सभेत सांगावं तशा आवाजात म्हणाले, "आई, उजव्या हातानं."

आईनं पान उजव्या हातात घेतलं. पाण्यात बुडवलं. मग थांबली. सगळे वाट बघत उभे होते. तिनं भांडं उजव्या हातात घेतलं आणि पान डाव्या हातात.

"आई, उजव्या—"

"न्हाई सायेब," ती म्हणाली. "तिला डाव्यानंच लागतंय."

तिच्या डाव्या हाताला सवय नव्हती. पान ओठांपाशी नेताना कललं आणि पाणी सगळं हनुवटीवरून ओघळलं. ते तिनं पदरानं पुसलं, पान पुन्हा बुडवलं, आणि दुसऱ्यांदा नीट घातलं.